फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलने: पहिली शांत सफर कशी आखावी

पुण्या-नाशकातल्या सायकलवाल्यांना फ्रान्स माहीत असतो तो तूर द फ्रान्समुळे, नाहीतर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमुळे. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणाऱ्यांची तर ती पंढरीच. १२०० किलोमीटर, ९० तासांची मुदत, आणि अंधारात मागे पडत जाणारी गावं. मी लिहिते आहे ते याच गावांबद्दल, पण दिवसाउजेडी, सावकाश, मागे सामान लावून आणि मध्येच उतरून बघत जाण्याबद्दल. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर. तासन्‌तास एकही गाडी दिसू नये असे रस्ते या देशात खरोखर आहेत, आणि ते गाठायला ना रेसरचे पाय लागतात ना लाखाची सायकल. लागते ती घरी बसून केलेली तयारी. ती कशी करायची, ते क्रमाने सांगते.

१. आधी रिकामा प्रदेश निवडा

युरोपातल्या फ्रान्सचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पावणेदोनपट आहे आणि लोकसंख्या आपल्या साधारण निम्मी. त्यातही माणसं शहरांत आणि समुद्रकिनाऱ्यांवर एकवटलेली. ईशान्येकडच्या मझ नदीपासून नैर्ऋत्येच्या लांदच्या जंगलांपर्यंत तिरपा पट्टा काढला, तर त्यात फारच विरळ वस्ती लागते. निएव्र जिल्ह्यात चौरस किलोमीटरमागे तीसेक माणसं राहतात, क्रझमध्ये त्याहूनही कमी. महाराष्ट्राचा आकडा २०११ च्या जनगणनेत ३६५ होता. एवढ्यावरून अंदाज यावा.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. देशात सुमारे ३५ हजार कम्यून आहेत. कम्यून म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं सगळ्यात लहान एकक, त्याचं कार्यालय म्हणजे ‘मेरी’. प्रत्येक गाव शेजारच्या प्रत्येक गावाशी डांबरी रस्त्याने जोडलेलं असतं. साधारण ११ लाख किलोमीटरच्या जाळ्यातले जवळजवळ सात लाख किलोमीटर हे असले गावरस्ते. माणसं कमी, रस्ते भरपूर. शांतता येते ती या हिशोबातून.

म्हणून पहिल्या सफरीसाठी प्रोव्हांस किंवा भूमध्य किनारा नको, निदान जुलै-ऑगस्टमध्ये तर नकोच. दोर्दोन्यचं खोरं देखणं आहे, पण उन्हाळ्यात तिथे गाड्यांची रीघ असते. बुर्गोन्यचा आतला भाग, निएव्र, आलिए, क्रझ, लो, जेर ही नावं लिहून ठेवा. यातलं एखादं फ्रेंच माणसालाही पटकन नकाशावर दाखवता येणार नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

२. नकाशातले रंग वाचायला शिका

बहुतेक नवखे लोक फोनवर दोन गावं टाकतात, ‘सायकल’ हे चिन्ह निवडतात आणि निघतात. तसं करू नका. फोनला अंतर कमी करायचं असतं, तुम्हाला वर्दळ कमी करायची आहे.

फ्रान्समध्ये रस्त्याच्या नावाआधी अक्षर असतं. ‘ए’ म्हणजे द्रुतगती मार्ग, तिथे सायकलला बंदी. ‘एन’ म्हणजे राष्ट्रीय मार्ग. बंदी नसली तरी ट्रक असतात. ‘डी’ म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. ‘सी’ किंवा ‘व्हीसी’ म्हणजे गावचा. इथपर्यंत सोपं आहे. फसगत होते ती ‘डी’मध्ये, कारण या एका अक्षराखाली दोन अगदी वेगळ्या जातीचे रस्ते आहेत. १९७० च्या दशकात आणि पुन्हा २००६ मध्ये हजारो किलोमीटर राष्ट्रीय मार्ग जिल्ह्यांकडे सोपवले गेले, पाटी बदलली, रहदारी तीच राहिली. डी ६०६ हा योन जिल्ह्यातला रस्ता म्हणजे जुना एन ६. डी ९०६, डी ९५१ असे नऊशेच्या घरातले आकडे बऱ्याचदा अशाच जुन्या किंवा महत्त्वाच्या मार्गांचे असतात. त्यामुळे ‘डी आहे, म्हणजे शांत असेल’ असं धरून चालू नका.

खात्रीची पद्धत रंगांची आहे. मिशेलिनचा कागदी नकाशा घ्या, १:१५०००० च्या आसपासचा, जिल्ह्याजिल्ह्याचा मिळतो. त्यात लाल रस्ते मुख्य, पिवळे दुय्यम, पांढरे सगळ्यात लहान. तुमचा दिवस पांढऱ्या रस्त्यांवर गेला पाहिजे. पिवळा चालेल, पण तुकड्यातुकड्याने. लाल फक्त ओलांडायचा. कडेला हिरवी रेघ असेल तर रस्ता निसर्गरम्य आहे असं समजा, पण ती रेघ मोटारवाल्यांनाही दिसते, हे लक्षात असू द्या. रस्त्यावर बाणासारखी खूण असेल तर चढ आहे: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३, तीन बाण त्याहून जास्त. सामान लादलेल्या सायकलवर तीन बाण म्हणजे उतरून ढकलणं. त्यात कमीपणा काही नाही, पण वेळ धरून ठेवा.

कागदावर ठरवलं की फोनवर उतरवा. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेला सायक्लओएसएम हा नकाशा सायकलवाल्यांसाठीच केलेला आहे. रस्त्याचा पृष्ठभाग, सायकलवाटा, चढ सगळं त्यात दिसतं. बीराउटर किंवा कोमूटवर मार्ग काढा आणि तो मिशेलिनच्या पांढऱ्या रेषांशी ताडून बघा. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवायला विसरू नका, कारण दऱ्याखोऱ्यांत रेंज जाते.

आणि दोन शब्द पाठ करा. ‘व्वा व्हर्त’ म्हणजे मोटारींना पूर्ण बंदी असलेली वाट, बहुधा जुन्या रेल्वेमार्गावर किंवा कालव्याच्या काठाने. ‘व्हेलोरूत’ म्हणजे खुणा केलेला लांब पल्ल्याचा सायकलमार्ग. त्यात व्वा व्हर्तही असते आणि साधे रस्तेही. पहिल्या प्रकारात गाडी भेटणार नाही, दुसऱ्यात भेटू शकते. मुलांना घेऊन जाणार असाल तर हा फरक फार मोलाचा आहे.

३. पहिल्या खेपेला कालवा धरा

ल्वार नदीकाठचा मार्ग सगळ्यात प्रसिद्ध आहे, सुमारे ९०० किलोमीटरचा, आणि चांगलाच आहे. सायकल एका गावात भाड्याने घेऊन दुसऱ्या गावात सोडायची सोयही तिथे आहे. पण राजवाड्यांच्या भागात उन्हाळ्यात सायकलींचीच गर्दी होते. कालव्यांमध्ये तुलूझहून बोर्दोच्या दिशेने जाणारा गारोनचा कालवा बहुतेक सगळा डांबरी आणि सपाट. त्याला जोडलेला मिदीचा कालवा १६८१ मध्ये पुरा झालेला, युनेस्कोच्या यादीतला. मात्र तुलूझ जिल्हा सोडला की त्याची काठवाट मुळं-दगडांची होते आणि बारीक टायरची सायकल हैराण करते.

मला विचाराल तर पहिल्या सफरीसाठी निव्हर्ने कालवा. ओसेर शहरापासून दसीझजवळच्या सँ-लेजे-दे-व्हीन्यपर्यंत १७४ किलोमीटर. १७८४ मध्ये काम सुरू झालं ते मोर्व्हांच्या जंगलातलं जळाऊ लाकूड पॅरिसला पोचवायला सोपं जावं म्हणून. पूर्वी ओंडके नद्यांत सोडून देत आणि क्लामसी गावात ते अडवून त्यांचे तराफे बांधत. आज कालव्यात फक्त सहलीच्या बोटी आहेत. या भागातले ट्रक ओसेरहून क्लामसीकडे एन १५१ ने जातात, त्यामुळे खालचं योन नदीचं खोरं तुमच्यासाठी मोकळं राहतं.

टप्पे असे पाडा. ओसेरहून माय-ल-शातो किंवा शातेल-सांसवारपर्यंत पहिला दिवस. या दोन गावांच्या मध्ये सोस्वाचे चुनखडीचे उभे कडे नदीकाठी लागतात आणि त्यावर दोर लावून चढणारी माणसं दिसतात. दुसऱ्या दिवशी क्लामसी. पाय शाबूत असतील तर मध्ये एक दिवस काढून व्हेझलेला जाऊन या. टेकडीवरचं हे गाव आणि त्याचं बाराव्या शतकातलं चर्च १९७९ पासून जागतिक वारसा आहे. मात्र तिकडे वीसेक किलोमीटर चढउतार आहेत, आणि क्लामसीहून सरळ जाणारा रस्ता म्हणजे वर सांगितलेला डी ९५१. तो टाळून पांढऱ्या रस्त्यांनी जा. तिसरा दिवस कोर्बिन्यीपर्यंत, चौथा शातियों-आं-बाझ्वा, पाचवा दसीझ. सहाव्या दिवशी ल्वारला समांतर कालव्याने नव्हेरला पोचलात की पॅरिसची गाडी मिळते. थकलात तर ओसेर आणि क्लामसीच्या मध्ये छोट्या स्टेशनांची रेल्वे आहे, तिचा आधार धरा.

सगळ्यात सुंदर तुकडा सार्दीचा. काही किलोमीटरांत १६ लॉक एकामागोमाग येतात. लॉक म्हणजे बोटीला वरच्या पातळीवर चढवणारा किंवा खाली उतरवणारा, दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. प्रत्येकाशी कामगाराचं टुमदार घर, बाहेर भाज्यांचा वाफा, आणि भिंतीवर पाटी: लॉकचं नाव, आणि अलीकडचं-पलीकडचं लॉक किती अंतरावर. थांबा आणि एक बोट पार होताना पूर्ण बघा. माणूस दांडा फिरवतो, वरच्या बाजूच्या दाराच्या झडपा उघडतात, पाणी घुसळत आत येतं, बोट हळूहळू तुमच्या गुडघ्यांपर्यंत, मग नजरेच्या उंचीवर येते. बोटीवरची मंडळी दोर धरून उभी असतात आणि त्यांना गप्पा हव्याच असतात. पुढे ला कोलांसेलपाशी कालवा बोगद्यांत शिरतो. आत काठवाट नाही, सायकलला वरच्या जंगलातल्या रस्त्याने जावं लागतं.

वाट सगळीकडे सारखी नाही हे सांगायला हवं. काही भाग डांबरी, काही दाबलेल्या खडीचा, थोडा गवताचा. मध्येच खुणा काठ सोडून गावरस्त्यावर नेतात. पांढऱ्यावर हिरव्या अक्षरांचे सायकलचे फलक सोडू नका.

४. महिना, व्हिसा आणि कागद

मे, जून आणि सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई राहत नाही. ऑगस्टमध्ये निम्मा देश सुट्टीवर जातो. राहायच्या जागा भरतात आणि गावातला बेकरीवालाही दुकान बंद करून गेलेला असू शकतो. मे महिन्यात १ आणि ८ तारखेच्या सुट्ट्या, शिवाय असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार, यांना जोडून लोक बाहेर पडतात. ते दिवस बघून मुक्काम आधी ठरवा.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणं अवघड होतं, म्हणून तीनेक महिने हातात ठेवा. मोठ्या माणसासाठी शुल्क ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. कागद हे:

- पासपोर्ट: परतल्यानंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन कोरी पानं असलेला
- फ्रान्स-व्हिझाच्या संकेतस्थळावर भरून छापलेला अर्ज आणि फोटो
- किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा
- बँकेची विवरणपत्रं, आयकर विवरण, नोकरी असेल तर रजेचं पत्र
- विमानाचं आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- दिवसवार कार्यक्रम आणि एक साधं पत्र

शेवटचे दोन मुद्दे सायकलवाल्यांना नडतात. ‘वाटेत कुठेतरी तंबू टाकू’ हे व्हिसा अधिकाऱ्याला चालत नाही. विनाशुल्क रद्द करता येणारी खरी आरक्षणं करा, आणि पत्रात स्वच्छ लिहा की सायकलने अमुक गावातून तमुक गावाला जाणार आहोत, रोज इतके किलोमीटर, परतीची गाडी या स्टेशनवरून. सोबत नकाशाचं एक पान जोडा. खोटी आरक्षणं देऊ नका. पुढच्या प्रत्येक व्हिसाला ते आडवं येतं. फ्रान्समधल्या नातेवाइकांकडे राहणार असाल तर त्यांना त्यांच्या मेरीतून ‘आतेस्तासियों दाक्यई’ हा कागद काढावा लागतो. त्याला वेळ लागतो, आधी कळवा.

विमा घेताना आणखी एक बघा: सायकलवरून पडून झालेली दुखापत त्यात धरली आहे का. काही पॉलिसींत ती ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेली असते.

५. सायकल आणि सामान

घरची सायकल न्यायची तर चालवायला सवयीची, पण विमानाचा खोका, त्याचं भाडं आणि पॅरिसमध्ये तो खोका घेऊन फिरणं हे सगळं आलं. आठवड्याभरासाठी भाड्याची सायकल शहाणपणाची. प्रमुख मार्गांवरच्या गावांत ती पॅनियरसकट, म्हणजे कॅरिअरला अडकवायच्या पिशव्यांसकट, मिळते. महिन्याभरासाठी जाणार असाल तरच आपली न्या. पेडल काढा, हॅंडल वळवा, टायरमधली हवा कमी करा, आणि जुळवायला लागणारी ॲलन-की सामानात वर ठेवा.

टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद हवेत. गिअर हलके हवेत: मागे ३४ दातांचं चक्र, पुढे तिसाच्या आसपास. मोर्व्हांचं सगळ्यात उंच टोक जेमतेम ९०० मीटर आहे, पण तिथले छोटे चढ संपता संपत नाहीत. वजन पाठीवर कधीच नको, सगळं पॅनियरमध्ये.

हत्यारं कमी पण नेमकी: दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, मल्टिटूल, चेन जोडायची कडी, तेलाची छोटी बाटली, केबल टाय. ग्रामीण भागात सायकलचं दुकान चाळीस किलोमीटरवर असू शकतं आणि सोमवारी बंद असू शकतं. तंबू नेणार असाल तर गॅसचं सिलिंडर विमानात चालत नाही, ते तिकडे घ्या. तिकडच्या सुपरमार्केटांत काँपिंगगाझचे खटकीचे सिलिंडर सगळीकडे दिसतात, आट्यांचे डेकॅथलॉनमध्ये. स्टोव्ह त्या हिशोबाने निवडा.

पावसाचं जॅकेट जूनमध्येही लागतं.

६. गावाच्या घड्याळाने चाला

नकाशाइतकंच हे महत्त्वाचं आहे. रिकाम्या प्रदेशात माणसाची अडचण होते ती खाण्यापिण्याची, आणि ती कधी होणार हे ठरलेलं असतं.

दुपारी बारा ते दोन सगळं बंद. किराणा, पोस्ट, मेरी, लॉकचा कामगारसुद्धा जेवायला गेलेला. रविवारी दुपारनंतर बंद. सोमवारी पुष्कळ दुकानं बंद. बेकरीला आठवड्यातून एक वार सुट्टी, आणि ती गावोगाव वेगळी. शेकडो गावांत दुकानच नाही. चर्च, मेरी, युद्धातल्या मृतांचा स्मारकस्तंभ आणि झाकलेल्या खिडक्या, बस्स.

म्हणून सकाळचा नियम करा: पहिली बेकरी उघडी दिसली की पाव घ्यायचा, भूक असो वा नसो. पहिलं दुकान दिसलं की दुपारचं आणि रात्रीचं दोन्ही घ्यायचं. शनिवारी संध्याकाळी सोमवारपर्यंतची बेगमी. सायकल-पर्यटनाचे आद्य पुरस्कर्ते पॉल द व्हिव्ही, ज्यांना सगळे व्हेलोसियो म्हणून ओळखतात, त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय की भूक लागण्याआधी खा आणि तहान लागण्याआधी प्या. इथे ते अक्षरशः पाळावं लागतं.

हॉटेलात जेवायचं तर साडेबाराच्या आत पोचा. ‘मेन्यू द्यु झूर’ हा दिवसाचा ठरलेला बेत पंधरा-अठरा युरोंत पोटभर मिळतो. पावणेदोनला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असेल आणि कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नाही.

कुठेही शिरताना आधी ‘बाँजूर’, निघताना ‘मेर्सी, ओ रव्हार’. दुकानात रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना मिळून एक ‘बाँजूर’ म्हटलं तरी चालतं. थेट कामाचं बोलायला सुरुवात करणं तिथे फार उद्धटपणाचं वाटतं. आधी अभिवादन केलंत तर मोडक्यातोडक्या फ्रेंचलाही लोक जीव तोडून मदत करतात.

७. पाणी आणि शाकाहार

पाण्याची युक्ती फ्रेंच सायकलवाल्यांकडूनच शिकावी: दफनभूमी. प्रत्येक गावाला ती असते, बहुतेक गावाच्या कडेला, आणि फुलझाडांना पाणी घालायला आत नळ असतो. लोखंडी फाटक ढकललं की भिंतीशी नळ, शेजारी खिळ्याला टांगलेल्या हिरव्या झाऱ्या. ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर पाणी पिण्याजोगं नाही, पुढे जा. आत जाताना हेल्मेट काढा, आवाज करू नका, अंघोळ-कपडे तिथे उरकू नका. लोक आपल्या माणसांना भेटायला आलेले असतात. दोन मोठ्या बाटल्या भरून घ्या आणि फाटक लावून निघा. नळ नसेल तर मेरीच्या मागचं सार्वजनिक शौचालय बघा, नाहीतर कुणाच्याही अंगणातून बाटली दाखवून मागा. पाण्याला नकार मिळत नाही.

शाकाहारी मंडळींनी मात्र मन घट्ट करावं. गावातल्या हॉटेलात ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मासा येऊ शकतो. ‘सां व्ह्यांद, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासा नको, असं स्पष्ट सांगा आणि ‘सां लार्दों’ही जोडा, कारण डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सॅलडमध्ये आणि कीशमध्ये न विचारता पडतात. खात्रीचे पदार्थ: ऑम्लेट, अंडी खात नसाल तर गालेत हा कुट्टूच्या पिठाचा डोसा, तोही फक्त चीज-मशरूमचा. काही जण त्याच्या पिठातही अंडं घालतात, विचारून घ्या. पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये बहुधा वासराच्या पोटातलं विरजण असतं. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी वेष्टन वाचावं. माझ्या मते सगळ्यात चांगलं जेवण बाजारातलं: ताजा बगेत, टोमॅटो, शेळीच्या दुधाचं चीज, जर्दाळू. सोबत घरची शेंगदाण्याची चटणी असेल तर कालव्याकाठी बसून याहून बरं काही नाही. मेतकूट आणि पोहेही न्या. एका भांड्यात दहा मिनिटांत रात्र भागते.

८. मुक्काम

‘काँपिंग म्युनिसिपाल’ म्हणजे गावाने चालवलेलं तंबूचं मैदान. नदीकाठी, स्वच्छ, गरम पाण्याची अंघोळ, सायकलवाल्याला साधारण १० ते १५ युरो. ऑफिस संध्याकाळी एखादा तासच उघडतं. कुणी नसेल तर तंबू टाका, माणूस येऊन पैसे घेऊन जातो. मे महिन्याच्या सुरुवातीला आणि सप्टेंबर संपता संपता काही मैदानं बंद असतात, तारखा तपासा.

तंबू नको असेल तर ‘शांब्र दोत’: कुणाच्या तरी घरातली खोली, न्याहारीसह. खोली ठरवतानाच ‘ताब्ल दोत’ आहे का विचारा, म्हणजे रात्री घरच्यांबरोबर एकाच टेबलावर जेवण. दुकान नसलेल्या गावात हे वरदानच, आणि शाकाहाराचं आदल्या दिवशी कळवता येतं. ‘आक्यई व्हेलो’ची पाटी असलेल्या जागा सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात आणि तिथे सायकल कुलपात ठेवायची सोय व दुरुस्तीची हत्यारं असतात.

उघड्यावर कुठेही तंबू टाकू नका. जमीनमालकाला विचारून त्याच्या शेताच्या बांधाला टाकता येतो. विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात.

९. रस्त्यावर सांभाळायच्या गोष्टी

उजवीकडून चालवायचं, हे भारतीय डोक्याला पहिले दोन दिवस सतत सांगावं लागतं. खरा धोका रिकाम्या रस्त्यावर सकाळी निघताना आणि थांबून पुन्हा सुरू करताना असतो, कारण समोर गाडी नसली की सवयीने डावी बाजू धरली जाते. हॅंडलवर बाण काढलेली पट्टी चिकटवा.

त्याहून अनोळखी नियम म्हणजे ‘प्रिओरिते आ द्र्वात’. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून येणारा ट्रॅक्टर का असेना. तो थांबणार नाही, कारण हक्क त्याचा आहे. पिवळ्या चौकोनाची टोकावर उभी पाटी असेल तर तुमच्या रस्त्याला प्राधान्य. त्याच पाटीवर काळी तिरपी रेघ आली की ते संपलं.

घंटी आणि ब्रेक हवेतच, अंधारात किंवा धुक्यात पुढचे-मागचे दिवे आणि गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं. हेल्मेट कायद्याने फक्त १२ वर्षांखालच्या मुलांना, पण तुम्ही घाला. कानात इयरफोन घालून चालवणं बेकायदा, दंड १३५ युरो. गाडीवाल्यांनी ओलांडताना गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि खेड्यात ते खरोखर ठेवतात.

सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत शिकारीचा हंगाम. ‘शास आं कूर’ अशी पाटी किंवा नारिंगी जाकिटातली माणसं दिसली की भडक कपडे घाला आणि जंगलवाट सोडून डांबरी रस्ता धरा. उन्हाळ्यात गवतात बसलात तर रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी गोचीड शोधा. इथल्या गोचिडांतून लाइम रोग होतो. चिमट्याने सरळ ओढून काढा, आणि नंतर लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टर गाठा. हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान पहिली पायरी, तातडी असेल तर ११२.

‘रूत बारे’, म्हणजे रस्ता बंद. वळसा मोठा असेल तर काम करणाऱ्यांना विचारा. पुष्कळदा सायकल ढकलत नेऊ देतात.

१०. रेल्वेत सायकल

ओसेरची गाडी पॅरिसच्या बेर्सी स्टेशनातून सुटते. काहींना लारोश-मिजेनला बदलावं लागतं. पॅरिसच्या मेट्रोत सायकल नेता येत नाही आणि उपनगरी गाड्यांत गर्दीच्या वेळी बंदी, म्हणून आदल्या रात्री बेर्सीच्या आसपास राहा.

प्रादेशिक गाड्या, म्हणजे ‘तेअर’, सहसा सायकल फुकट नेतात, पण जागा मोजक्या आणि उन्हाळ्यात काही मार्गांवर आरक्षण सक्तीचं. लांबच्या ‘अँतेरसिते’ गाड्यांत सायकलचं वेगळं तिकीट लागतं, साधारण १० युरो. नव्हेरहून पॅरिसला दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत. एसएनसीएफ कनेक्ट या फ्रेंच रेल्वेच्या ॲपवर तिकीट काढतानाच सायकल जोडा, नंतर जोडता येईलच असं नाही. परतीच्या विमानाच्या दिवशीची गाडी धरू नका, एक रात्र मध्ये ठेवा. संपाची सूचना बहुधा एक-दोन दिवस आधी लागते.

फलाटावर अर्धा तास आधी जा. डब्याच्या दारावर सायकलचं चित्र असतं, पण डबा गाडीच्या कुठल्या टोकाला येणार ते ऐनवेळी कळतं. गाडी येण्याआधी पॅनियर काढून एका पट्ट्यात बांधून ठेवा, म्हणजे एक जण सामान चढवतो आणि दुसरा सायकल. आत बहुतेक ठिकाणी पुढचं चाक वरच्या आकड्याला अडकवून सायकल उभी टांगतात. जड ई-बाइक असेल तर शेजारच्या माणसाला आधीच ‘बाँजूर’ म्हणून ठेवा, उचलायला दोन हात जास्तच लागतात.